वजनाचं ऑपरेशन होऊन वर्षं झाली, आता? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं ऑपरेशन २०१७ साली पुण्यात झालं. गॅस्ट्रिक बायपास. तेव्हा वजन ११६ किलो होतं. दीड वर्षात ७४ वर आलं, आज ८१ आहे. मधल्या सात किलोंची गोष्ट खाली येईलच. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून फोन येत राहतात. ऑपरेशनच्या आधी काय करायचं ते दवाखान्यात नीट सांगतात. मला येणारे फोन तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वर्षातले असतात. ऑपरेशन पुण्या-मुंबईला नाहीतर हैदराबादला होतं, पण ते पोट घेऊन राहायचं असतं सोलापुरात. इथल्या भाकरीबरोबर, इथल्या उन्हात, इथल्या लग्नांच्या पंगतीत. तेच तेच फोनवर सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. गोळीचं नाव आणि मात्रा आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

माझी स्लीव्ह झाली की बायपास, तेच मला नक्की माहीत नाही. त्यानं काही बिघडतं का?

बिघडतं. हसू नका, असा फोन मला महिन्याला एक तरी येतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करतात, जेमतेम ३० मिलीची, आणि तिला लहान आतडं पुढच्या टप्प्यावर जोडतात. म्हणजे अन्न आतड्याचा सुरुवातीचा तुकडा टाळूनच पुढे जातं. मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो, बाकी तत्त्व तेच. लोह आणि कॅल्शियम जिथे जास्त शोषलं जातं तोच तुकडा नेमका बाजूला पडतो, म्हणून बायपासवाल्यांना या दोन्हींची कमतरता लवकर गाठते. स्लीव्हवाल्यांना ॲसिडिटी जास्त छळते.

डिस्चार्ज कार्ड शोधा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही ठेवा. आणि कॅज्युअल्टीत नुसतं 'बायपास झालाय' म्हणालात तर समोरचा हृदयाचा समजतो आणि ईसीजी काढायला घेतो. 'पोटाचा बायपास, वजनासाठी' असं पूर्ण सांगा.

तब्येत ठणठणीत आहे. तरी गोळ्या जन्मभर घ्यायच्या?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

तिसऱ्या वर्षी मीही गोळ्या सोडल्या. चालत होते, जिने चढत होते, मैत्रिणी फोटो मागत होत्या. काहीच दुखत नव्हतं, मग कशाला? साधारण दहा महिन्यांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं चप्पल घट्ट झाली, म्हणून चप्पल बदलली. मग फळ्यासमोर उभं असताना जमीन गादीसारखी लागायची. तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनांनी मुंग्या थांबल्या, पण डाव्या पायाची दोन बोटं आजही अर्धवट बधिर आहेत. नस एकदा जास्त दुखावली की सगळीच परत येत नाही.

फसवणूक होते ती अशी. बी-१२ शोषायला जठरातलं ॲसिड लागतं आणि जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. दोन्ही कमी झालेलं असतं. पण यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे गोळी सोडल्यावर लगेच काहीच होत नाही. माणसाला वाटतं, बघा, काही फरक पडला नाही. डबा रिकामा झाल्यावरच कळतं. त्यात आपल्याकडे शाकाहारी घरं भरपूर, म्हणजे मुळात साठाच तोकडा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तीही बी-१२ कमी करते.

गोळ्यांचं वेळापत्रक मात्र जपायला लागतं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात, मध्ये दोन तासांचं अंतर हवं. कॅल्शियम सायट्रेटच मागा. दुकानदार हमखास कार्बोनेट काढून देतो आणि 'सारखंच आहे मॅडम' म्हणतो. सारखं नाही. कार्बोनेट विरघळायला ॲसिड लागतं, तेच आपल्याकडे कमी. आणि लोहाची गोळी चहाबरोबर गिळू नका, चहा लोह शोषू देत नाही. मी सकाळी शाळेत पोचल्यावर पाण्याबरोबर लोह घेते, कॅल्शियम दुपारी आणि रात्री अर्धं अर्धं, कारण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर शरीर नीट घेतच नाही.

दर वर्षी कोणत्या तपासण्या करायच्या? सोलापुरात होतात का?

सगळ्या होतात, एकाच रक्तात. सीबीसी, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), यकृत आणि किडनीच्या तपासण्या, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड. हिमोग्लोबिन बरोबर आहे म्हणून फेरिटिन टाळू नका. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर पडतं. पीटीएच तर बहुतेक जण गाळतातच. रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल दिसतं, कारण शरीर ते हाडांतून उपसून रक्तात आणत असतं. ती चोरी पीटीएचमध्ये पकडली जाते. दोनएक वर्षांनी हाडांची डेक्सा तपासणी करायची का, ते विचारा. पाळी गेलेल्या बायकांनी तर नक्कीच.

केसांसाठी बायोटिन चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. थायरॉइडचा रिपोर्ट त्याने चुकीचा येऊ शकतो.

केस पुन्हा येतात का?

येतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात झडतात, वर्षाच्या आसपास भरतात. दोन-तीन वर्षांनंतर नव्याने झडत असतील तर तेल बदलू नका, फेरिटिन, प्रोटीन आणि थायरॉइड बघा.

भाकरी खाता येते ना?

येते हो. सोलापूरच्या माणसाला भाकरी सोड म्हणायचं म्हणजे गाव सोड म्हणण्यासारखं आहे.

पण ताटातला क्रम बदलतो. आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात आणि मी गणिताची असल्याने रोज बेरीज करते. एका अंड्यात ६, वाटीभर शिजलेल्या डाळीत ६-७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, सोयाबीनच्या ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ च्या पुढे. नुसत्या वरणावर ६० गाठायचं तर नऊ वाट्या लागतील, आणि आपल्या पोटात मावते एक. म्हणून शाकाहारी माणसाला पनीर, घट्ट दही, सोया नाहीतर प्रोटीन पावडर यातलं काहीतरी लागतंच. मटकी, हुलगे चांगलेच, पण ते जोडीला.

गंमत म्हणजे आपली कडक भाकरी पुष्कळांना गरम मऊ चपातीपेक्षा बरी पडते. चपाती, पाव, मऊ भात यांचा घास नीट चावला नाही तर गोळा होऊन छातीपाशी अडकतो आणि तोंडाला फेसाळ पाणी सुटतं. कडक भाकरी चावल्याशिवाय गिळताच येत नाही. मी पाव भाकरी चुरून घट्ट आमटीत भिजवते आणि चमच्याने खाते. पहिल्या सहा महिन्यांत मात्र हा प्रयोग नको.

शेंगाचटणी? शेंगदाण्यात प्रोटीन आहे हे खरं, १०० ग्रॅमला २५ च्या आसपास. पण तेवढ्यात उष्मांक साडेपाचशेच्या वर. चटणी पोटात जागा घेत नाही, सुळकन खाली उतरते. माझ्या सात किलोंमधले तीन तरी तिचेच असावेत.

गोड खाल्लं की दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते. हार्टचं काही असेल का?

बहुतेक वेळा ते डंपिंग असतं. साखर पिशवीत थांबत नाही, थेट आतड्यात धडकते, आतडं तिथे पाणी ओढून घेतं. जेवल्यावर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब, आणि आडवं व्हावंसं वाटणं. माझं पहिलं डंपिंग एका लग्नात झालं. हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, चार चमचे खाल्ले, नवरी स्टेजवर यायच्या आत मी मागच्या खोलीत गादीवर. संक्रांतीला शेंगापोळीच्या अर्ध्या तुकड्यावर थांबायला मी तेव्हा शिकले.

दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो आणि तो जास्त फसवा. साखर झपकन चढते, शरीर जास्त इन्सुलिन सोडतं आणि साखर धाडकन पडते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणं अडखळतं. अशा वेळी ग्लुकोमीटरवर आकडा बघा. ७० च्या खाली असेल तर थोडं ग्लुकोज घ्या, आणि पाठोपाठ मूठभर फुटाणे किंवा पनीर, नाहीतर तासाभराने तोच पाळणा पुन्हा. असं वारंवार होत असेल तर दुचाकी घरी ठेवा आणि डॉक्टर गाठा. आणि छातीत दाब असेल, हात-जबडा दुखत असेल, तर डंपिंग समजून घरी पडून राहू नका. ईसीजी काढा.

मे महिन्यात पाणी कसं पुरवायचं? एका वेळी तर दोन घोटच जातात.

दोन घोट, पण दर दहा मिनिटांनी. इथे पारा ४२ च्या वर जातो आणि दीड-दोन लिटर पाणी गळ्याखाली उतरवणं हे कामच होऊन बसतं. जेवणाबरोबर पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही, म्हणजे उरलेल्या वेळातच भागवायचं. शाळेत माझ्या टेबलावर बाटली असते, दर तासाची घंटा झाली की चार घोट. मीठ-जिरं घातलेलं पातळ ताक उत्तम. उसाचा रस, सरबत, कोल्ड्रिंक नको, डंपिंगचा आग्रहाचा निमंत्रणपत्रच तो. बायपासवाल्यांना मुतखड्याचा धोका वाढतो, कारण खडे बनवणारं ऑक्सलेट जास्त शोषलं जातं. लघवी गडद पिवळी दिसली की समजा, पाणी मागे पडलं.

एकादशी धरू का?

आषाढीला माझ्या आईनेही हेच विचारलं होतं. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन नाहीच म्हटलं तरी चालेल. धरायचीच असेल तर दूध, दही, पनीर, भगर थोडी, आणि गोळ्या चालू. निर्जळी नको. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या एका ताईंनी सहेरीला आणि इफ्तारनंतर प्रोटीन आणि पाण्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घेतलं होतं, ते मला शहाणपणाचं वाटलं. पहिलं वर्षभर मात्र देवाला सांगा, पुढच्या वर्षी.

गुडघे दुखतात. मेडिकलमधून गोळी घेतली तर?

बायपास झाला असेल तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्या जातीच्या गोळ्या नकोत. पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, तो रक्त ओकवतो, कधी फुटतोही. पॅरासिटामॉल चालते, मात्रेत. अडचण अशी की दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला दुसरं औषध बसवलेलं असतं. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. दाताच्या डॉक्टरांनाही आधीच सांगा, तिथून हीच गोळी हमखास लिहून येते.

जोडाचा दुसरा वैरी म्हणजे तंबाखू. विडी-सिगारेटने अल्सर होतो हे पक्कं आहे. मिश्रीही सोडा. आपल्याकडच्या कित्येक बाया मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत, दात घासायचं म्हणतात. डॉक्टर 'तंबाखू खाता का' विचारतात, त्या 'नाही' म्हणतात, आणि दोघांनाही आपण खरं बोललो असं वाटतं.

वजन पुन्हा चढतंय. ऑपरेशन फसलं का?

थोडं चढणं हे ठरलेलंच आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून लोकांना सामील करून घेत एक मोठा अभ्यास झाला. त्यात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं, दहाव्या वर्षी ते २५ टक्क्यांवर स्थिरावलं. म्हणजे काही परत आलं, पण बरंचसं गेलं ते गेलंच. शरीर जुन्या वजनाकडे ओढत असतं, तो तुमचा आळस नाही. हे मला कुणी चौथ्या वर्षी सांगितलं असतं तर वर्षभर वजनकाट्यापासून तोंड लपवलं नसतं.

पण दोन-चार किलोंवर गाडी थांबत नसेल तर बघायला हवं. पंगतीत जास्त खाल्ल्यामुळे वजन क्वचितच वाढतं, पोट परवानगीच देत नाही. वाढतं ते दिवसभर तोंड चालू राहिल्याने. माझं मी आठवडाभर लिहून काढलं: शाळेत तीन कप साखरेचा चहा, स्टाफरूममधली भडंग, संध्याकाळी पोरांच्या ताटात उरलेलं. जेवण एकही मोठं नव्हतं.

नव्या इंजेक्शनांबद्दल आता सगळेच विचारतात. २०२५ पासून वजनासाठीची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात मिळू लागली आणि ऑपरेशननंतर वजन चढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. पण आधीच कमी खाणाऱ्याची भूक आणखी मारली की प्रोटीन आणि पाणी दोन्ही कोसळतं. देणाऱ्या डॉक्टरांना तुमचं ऑपरेशन माहीत हवं. कुणाच्या भाच्याकडून आणलेलं पेन टोचून घेऊ नका.

शुगरच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. आता परत वाढली.

होतं असं, विशेषतः मधुमेह जुना असेल किंवा आधी इन्सुलिन चालू असेल तर. बंद राहिलेली वर्षं वाया गेली नाहीत, डोळे आणि किडनी तेवढी वाचली. एचबीएवनसी दर वर्षी करत राहा. बीपीच्या गोळीचं उलटंही होतं. वजन उतरलं तरी जुनीच मात्रा चालू राहते आणि उठताना चक्कर येते.

पोटात अचानक जोराची कळ येते, मग आपोआप जाते. गॅस असेल ना?

बायपासवाल्यांनी याला गॅस म्हणू नये. वजन उतरल्यावर आतड्यांच्या पडद्यात फटी मोकळ्या होतात आणि आतडं त्यात शिरून पिळवटू शकतं. ऑपरेशनला पाच-सात वर्षं झाली तरी होतं. कळ येते, जाते, सोनोग्राफी साफ येते, पित्त म्हणून घरी पाठवतात. जोराची कळ टिकून राहिली, उलट्या लागल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, सीटी स्कॅनचा विषय काढा आणि ऑपरेशन केलेल्या सर्जनला फोन लावून द्या. उजव्या बरगडीखाली दुखून पाठीकडे जात असेल तर पित्ताशयातले खडेही असू शकतात. वजन झपाट्याने उतरलं की ते होतात.

उलट्यांचं आणखी एक. सतत ओकाऱ्या होत असतील तर बी-१ म्हणजे थायमिन दोन-तीन आठवड्यांतच संपतं. मग दोन-दोन दिसतं, चाल झोकांड्या खाते, माणूस असंबद्ध बोलतो. लोकांना वाटतं अशक्तपणा, आणि अशक्तपणाला आपल्याकडे एकच उपाय, ग्लुकोजची सलाइन. थायमिन न देता आधी ग्लुकोज चढवलं तर मेंदूची इजा वाढू शकते. सोबतच्या माणसाला हे वाक्य पाठ करून ठेवायला सांगा: 'पोटाचा बायपास आहे, आधी थायमिन द्या.' माझ्या नवऱ्याने ते मोबाइलच्या कव्हरमागे चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढली.

रात्री उशिरा जेवण, तिखट रस्सा आणि लगेच आडवं होणं आधी बंद करा. तरी थांबली नाही तर ॲसिडिटीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं खात बसू नका, एंडोस्कोपी करून घ्या. काहींना पुढे स्लीव्हचा बायपास करावा लागतो.

सुनेचं ऑपरेशन झालंय. पाळणा कधी हलेल?

सासूबाई, हा फोन सुनेने करावा. तरी सांगते, १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहतात. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा नको, तांबीसारखा दुसरा उपाय विचारा. दिवस राहिले की ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात. बायपासवालीला ते डंपिंगच्या खाईत ढकलतं. त्याऐवजी आठवडाभर घरी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर मोजायची सोय मागावी.

लोंबती कातडी कापायला विमा मिळतो का?

सहसा नाही, ती सौंदर्याची शस्त्रक्रिया धरतात. घडीखाली सारखं बुरशीचं इन्फेक्शन होत असल्याची त्वचारोगतज्ज्ञांची कागदपत्रं असली तर भांडून बघायला जागा राहते. वजन वर्षभर तरी स्थिर झाल्याशिवाय करू नका. तोवर उन्हाळ्यात घडी कोरडी ठेवा, सुती कापड मध्ये घाला.

थोडी घेतली तर चालते का?

बायपासनंतर दारू लवकर चढते आणि जास्त चढते. पूर्वीचा एक पेग आता पूर्वीच्या दोनसारखा लागतो. आणि खाण्याची सवय सुटली की काहींना ही लागते. जेवणाने भरणारी पोकळी कशाने तरी भरायचीच असते.

सगळे विचारतात, 'आजारी आहेस का, गाल बसले.' मन उदास राहतं.

आधी जाड म्हणून टोचायचे, आता बारीक म्हणून. नात्यात सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी दोन वर्षं 'चालायला जाते' एवढंच सांगितलं. लग्नात आग्रह करणाऱ्यांना 'पोटाचं ऑपरेशन झालंय' म्हटलं की वाढपी पुढे सरकतो, पुढचं विचारत नाही. पण उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर तेही ऑपरेशननंतरचंच लक्षण समजून डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

एमआरआय चालतो का? आत टाचण्या आहेत.

चालतो. जठर शिवायच्या त्या टाचण्या टायटॅनियमच्या असतात. तरी तिथे सांगा.

दर वर्षी पुण्याला जावंच लागतं का?

रिपोर्ट बरे असतील तर इथल्या फिजिशियनकडे चालतं, फक्त वरची तपासण्यांची यादी त्यांच्या हातात द्या. मी तरी जाते. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संपला की रक्त द्यायचं, रिपोर्ट आले की एक रजा टाकून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची. डब्यात दोन उकडलेली अंडी आणि पाण्याची बाटली असते. कुर्डुवाडी येईपर्यंत एक अंडं संपतं.